मामांचं गॅरार्ड ४०१ आणि त्याचं जोतं (जुने टर्नटेबल दुरुस्त करणाऱ्यांसाठी धागा)

नारायणपेठी | ४ मे, रात्री १०:५०

मंडळी, गेल्या चार महिन्यांत जे जे केलं ते सविस्तर लिहितोय. सुरुवात केली तेव्हा मराठीत शोधून शोधून दमलो, पण हाती काही लागलं नव्हतं.

माझे मामा १९७४ साली इंग्लंडहून कायमचे परत आले. येताना कपड्यांच्या दोन बॅगा आणि एक गॅरार्ड ४०१ एवढंच आणलं, असं मामी सांगतात. आजोळी दुपारच्या जेवणानंतर मामा आतल्या खोलीत रेकॉर्ड लावायचे आणि आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवायची बंदी असायची. पाय आपटला की सुई उडते, हे मला तिथंच कळलं. मामा गेले, यंत्र माळ्यावर गेलं. यंदा संक्रांतीला मामी म्हणाल्या, "तुला हवं असेल तर ने बाबा, नाहीतर भंगारवाल्याला जाईल." खाली उतरवलं तर लाकडी खोक्याचा तळ वाळवीनं पोखरलेला, बोट लावलं की भुगा. पण वरचं ओतीव ॲल्युमिनियमचं अंग, जड प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) आणि एसएमई ३००९ टोनआर्म (सुई धरणारा दांडा), सगळं शाबूत!

मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर सुताराकडे धावलो. त्यांना म्हटलं, याला नवी प्लिंथ करायची. ते म्हणाले, "प्लिंथ म्हणजे जोतं ना? घराचं असतं तसं?" मला तो शब्द इतका पटला की तेव्हापासून मी जोतंच म्हणतो. त्यांनी सागवानाचा सुरेख बॉक्स करून दिला. वर यंत्र बसवलं, हिराबाई बडोदेकरांची एक ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) रेकॉर्ड लावली, आणि आवाजाखाली सतत घर्र. जिना चढून येणाऱ्या गिरणीच्या आवाजासारखी.

मी खोक्याला दोष देत बसलो. मग शांतपणे एक चाचणी केली, ती नीट सांगतो, कारण तिच्यामुळे पुढचं सगळं काम सरळ झालं. गॅरार्डमध्ये मोटारीची पुली आणि प्लॅटरची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं, आयडलर. ते काढून बाजूला ठेवलं. आता मोटार फिरते, पण प्लॅटर जागचा हलत नाही. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवली, आवाज नेहमीइतका ठेवला आणि मोटार चालू केली. बारीक घूं आली. मोटार चालू ठेवूनच सुई उचलली, तर घूं साफ गेली. ती विजेची गुणगुण असती तर सुई उचलल्यावरही राहिली असती. म्हणजे मोटारीची थरथर जोत्यातून टोनआर्मपर्यंत चालत जात होती. मग आयडलर परत बसवला आणि एका एलपीवर दोन गाण्यांमधल्या मोकळ्या पट्टीवर सुई ठेवली. घर्र चांगली तिप्पट झाली. याचा अर्थ मोठा दोष आयडलर आणि बेअरिंगचा, उरलेला जोत्याचा.

आयडलरच्या रबरात नख रुतवून पाहिलं, रुतेना. काचेसारखं घट्ट झालेलं, आणि एका जागी खोलगट खळगा. कारण विचार केल्यावर लक्षात आलं. ४०१ चा खटका बंद केला की आयडलर आपोआप मागे सरतो. पण गाणं चालू असताना लाइट गेली आणि खटका तसाच राहिला, तर रबर पुली आणि प्लॅटरमध्ये दाबलेलं राहतं. आमच्या आजोळच्या लोडशेडिंगमध्ये हे किती वेळा झालं असेल! म्हणून ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांना कळकळीनं सांगतो: लाइट गेली की पंख्याच्या आधी त्याचा खटका बंद करा.

रबर नवीन चढवून घेतलं ते छापखान्याचे रूळ करणाऱ्या एका कारागिराकडून. त्यांनी रबर चढवून ग्राइंडिंगवर अगदी गोल करून दिलं. हातानं सँडपेपर लावून रबर घासायचा मोह टाळा, चाक लंबगोल होतं आणि प्रत्येक फेऱ्याला ठप्प ठप्प ऐकू येतं.

मोटार उघडली तर बुशात (दांडा ज्या नळीत फिरतो तिच्यात) पिवळट चिकट थर. वास घेतला तर खोबरेल! कुणीतरी कधीतरी घरातलं तेल सोडलेलं. खोबरेल हिवाळ्यात थिजतं आणि वर्षानुवर्षं राहिलं की गोंद होतो. स्पिरिटनं धुतलं, बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात म्हणून कोमट तेलात रात्रभर बुडवून ठेवले. स्विचजवळचा जुना कागदी कपॅसिटर तडकलेला होता, तो मेन्ससाठी असलेल्या एक्स-२ प्रकारच्या नव्या कपॅसिटरनं बदलला. वायर तीन पिनची करून अंगाला अर्थिंग दिलं. हे काम जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या, इथे २३० व्होल्ट आहेत.

एवढं केल्यावर घर्र जवळपास गेली. राहिली ती पहिली बारीक घूं, म्हणजे जोत्याची. सागवानी बॉक्स दिसायला देखणा, पण आतून पोकळ. टिचकी मारली की तबल्यासारखा बोलतो. आता तो नव्यानं करायचा. दोन विचार मनात आहेत, मरीन प्लायचे थर किंवा कडप्पा. घरी ओट्याचा एक मोठा तुकडा उरलेला आहे. जाणकारांनी बोलावं.

सुतारपक्षी | ४ मे, रात्री ११:३५

आधी एक दंडवत. आयडलर काढून ऐकायची युक्ती वाचनखुणांत साठवली.

माझं मत प्लायच्या बाजूनं, आणि ते ठाम आहे. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला १८ मिमी मरीन प्लाय घ्या, चार किंवा पाच थर करा. प्रत्येक थरात यंत्राच्या पोटाच्या आकाराचा खड्डा वेगळा कापा, वरच्या थरात सर्वांत लहान आणि खाली जरा मोकळा, मग चिकटवा. पाच थर एकदम चिकटवू नका. दोन-दोन करून, चारी बाजूंनी शिकंजे लावून प्रत्येक जोडाला एक दिवस द्या. थरांना गोंद कमी पडला की मधे पोकळी राहते, आणि तीच नेमकी वाजते.

सागवानाची अख्खी फळी वरच्या बाजूला वापरायचा विचार करू नका, हे मी पोळून सांगतोय. लाकूड लांबीत हालत नाही, रुंदीत हालतं. भावाच्या टर्नटेबलला मी ४० सेंटीमीटर रुंदीची सागाची फळी चारी बाजूंनी स्क्रूनं जखडली होती. श्रावणात फुगली, मार्च-एप्रिलमध्ये आक्रसली, आणि मेच्या सुट्टीत एका रात्री तडा गेल्याचा आवाज सगळ्या घरानं ऐकला. साग हवाच असेल तर व्हिनियर (सागाचा पातळ पापुद्रा) लावा, किंवा बाजूंना चौकट करा.

आणि टोनआर्मचं भोक पाडण्याआधी दहा वेळा मोजा. माझ्याकडे रेगा आर्म आहे. प्लॅटरच्या मध्यापासून आर्मच्या मध्यापर्यंत बरोबर २२२ मिमी, भोक २५ मिमीचं. मी आधी पुठ्ठ्यावर आखलं, मग टाकाऊ प्लायवर खरं भोक पाडून आर्म बसवून बघितला, तेव्हा कुठे अंतिम तुकड्याला हात लावला. तुमच्या एसएमईचा पाया खाचेत पुढं-मागं सरकतो, त्यामुळे तुम्हाला थोडी सूट आहे. रेगावाल्यांना ती नाही.

उद्यमनगरी | ५ मे, सकाळी ७:१०

लई झ्याक लिहिलंय नारायणपेठी. आमच्याकडं कोल्हापुरात लेथला तोटा नाही, त्यामुळं माझी सगळी दुरुस्ती उद्यमनगरात झाली. माझं यंत्र लेंको एल ७५, स्विस. त्याची गंमत वेगळीच. मोटारीचा दांडा निमुळता, शंकूसारखा, आणि रबरी चाक उभं. चाक दांड्यावर जाड बाजूकडं सरकवलं की वेग वाढतो, बारीक बाजूकडं कमी. १६, ३३, ४५, ७८ असे चार थांबे आहेत, पण मधला कुठलाही वेग धरता येतो. जुन्या ७८ सगळ्याच काय बरोबर ७८ ला मुद्रित झालेल्या नसतात, त्यांना हे फार उपयोगी पडतं.

बेअरिंगबद्दल एक सांगतो. प्लॅटरचा खालचा दांडा बुशात तेल घालून वरून सोडला की धपकन तळाला जायला नको. हवा दबून तो हळूहळू खाली उतरला पाहिजे, सायकलच्या पंपाचा दट्ट्या उतरतो तसा. माझा धपकन जायचा. लेथवाल्या दादांनी नवा बुश करून दिला, तळाची गोळी बदलली. त्यांनी विचारलं, "कसल्या पंपाचा हाय हो ह्यो?" गाण्याच्या मशीनचा म्हटल्यावर त्यांनी हातातलं दुसरं काम बाजूला ठिवलं आणि माझ्यासमोर तासभर पॉलिश करत बसले. पैसे मात्र नेहमीच्याच दरानं.

मुख्य बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल घालू नका, लई पातळ पडतं. तिथं जरा जाड टर्बाइन तेल. मोटारीला पातळ चालतं. आणि लेंकोवाल्यांनो, टोनआर्मच्या टेकूला जे दोन रबरी ठोकळे असतात ते हात लावताच चुरा होतात. ते बदलल्याशिवाय गाणं ऐकून यंत्राला नावं ठेवू नका.

जोत्याचं म्हणाल तर लेंकोचा वरचा पत्रा पातळ असतो, त्याला जड प्लायला घट्ट आवळल्याशिवाय तो गप्प बसत नाही. मी पाच थर केले. तुमच्या ४०१ चं अंग ओतीव आहे, तुम्हाला चार पुरतील.

अनघा_डोंबिवली | ५ मे, दुपारी २:२०

मी इथे नवीन आहे. आजीकडे एक मोठा रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच कपाटात) आहे, उघडला की आत गॅरार्डचा चेंजर, एकावर एक रेकॉर्ड रचून ठेवायच्या तसला. तो बाहेर काढून त्याला असं जोतं करता येईल का? घरात जागा नाही म्हणून रेडिओग्राम विकायचं चाललंय. आणि आजीच्या एलपी आहेत पंधरा-वीस, त्या त्यावर लावल्या तर चालेल ना?

नारायणपेठी | ५ मे, संध्याकाळी ६:४५

@अनघा_डोंबिवली, ताई, तो चेंजर बाहेर काढू नका. त्याची मोटार, आपोआप पडणाऱ्या रेकॉर्डींची यंत्रणा आणि ते लाकडी कपाट हे एकमेकांसाठी केलेलं असतं. बाहेर काढून जड जोत्यावर बसवलं तरी त्याचं ४०१ होणार नाही, आणि रेडिओग्रामचं मात्र रिकामं कपाट होईल. आहे तसाच दुरुस्त करून आजींना ऐकवा.

एलपी मात्र सध्या लावू नका. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल, तेही जड दाबानं चालणारं, आणि सुई कधी बदलली कुणास ठाऊक. झिजलेली सुई एका बैठकीत खाचेच्या भिंती खरवडते, आणि ते परत भरून येत नाही. आधी सुई भिंगाखाली पाहून बदलून घ्या. कार्ट्रिजवर दोन सुया असतील, उलटवायच्या, तर एक ७८ साठी आणि एक एलपीसाठी. ७८ ची खाच रुंद असते, तिच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ७० मायक्रॉन, एलपीची त्याच्या चौथाईच्या आसपास. आजींच्या रेकॉर्डवर चुकीची सुई टेकली तर दोघींचंही नुकसान.

काळी_पाच | ५ मे, रात्री ९:०५

मी गाणं शिकवते, यंत्रातलं फार कळत नाही, पण वेगाबद्दल बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या काकांनी अमेरिकेतून जुना टर्नटेबल पाठवला. ट्रान्सफॉर्मर लावून चालू केला, आणि ओळखीच्या बाई एकदम पुरुषी आवाजात गायला लागल्या. मी तंबोरा जुळवून पाहिलं तर काळी एकमध्ये गायलेली चीज काळी पाचात वाजत होती (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून ही नावं). अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. मोटार त्या वारंवारतेवर फिरते, व्होल्टेज कमी करून तिचा वेग बदलत नाही. ३३⅓ च्या जागी २७.८ फेरे होतात, म्हणजे सहास पाच. आणि सहास पाच हे प्रमाण म्हणजे आपलं षड्ज ते कोमल गंधार! एवढं अंतर गाणं खाली उतरलं होतं. ५० हर्ट्झची पुली मिळवून बसवली तेव्हा बाई परत बाई झाल्या. इंग्लंडचं यंत्र असेल तर ही अडचण नाही, तिथंही ५०च.

वेग तपासायला मी कागदी स्ट्रोब चकती वापरते. ५० हर्ट्झची चकती असेल तर ३३⅓ च्या कड्यावर १८० रेघा असतात, आणि दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकत असला की त्या रेघा स्थिर उभ्या दिसतात. मी आठवडाभर बेडरूमच्या एलईडी दिव्याखाली चकती पाहत होते, रेघा काही दिसेनात. बऱ्याच एलईडींना लुकलुक नसते. देवघरातला छोटा लाल निऑनचा दिवा आणला आणि रेघा थबकल्या. हा सर्वांत स्वस्त उपाय.

शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांना वेग एक टक्काही इकडेतिकडे चालत नाही. सहा टक्क्यांना अर्धा स्वर सरकतो, म्हणजे एका पट्टीतून शेजारच्या पट्टीत. लोक म्हणतात जुन्या काळी गायक फार उंच पट्टीत गायचे. त्यातलं किती खरं आणि किती यंत्राच्या वेगाचं, हे पाहिल्याशिवाय मी आता विद्यार्थ्यांना तसं सांगत नाही.

लेस्टरवासी | ६ मे, पहाटे ३:१५

नमस्कार. इथे इंग्लंडात स्लेटच्या जोत्यांचं मोठं वेड आहे, वेल्समधल्या खाणींची काळी पाटी. गॅरार्ड ३०१ आणि ४०१ दोन्हींना लोक स्लेट वापरतात, मी स्वतः एक पाहिलं आणि ऐकलं आहे. मोटारीचा आवाज अगदी मुरून जातो.

पण कडप्पा म्हणजे स्लेट नव्हे. कडप्पा हा चुनखडीचा दगड. खात्री करायची तर आपल्या आईच्या ओट्याकडे बघा. लिंबू कापून तसंच राहिलं की पांढरट डाग पडतो, तो पुसून जात नाही. स्लेटला लिंबानं असं काही होत नाही. म्हणून कडप्पा वाईट असं मी म्हणत नाही, जड तो आहेच. पण उरलेला तुकडा सरळ कापायला नेण्याआधी दोन बोटांवर तोलून गाठीनं ठोकून पाहा. टणटण लांबत गेला तर तो थरथर साठवतोय. आणि भद्द आवाज आला तर आत चीर आहे.

जाता जाता, गॅरार्डची कुळकथा सांगायचा मोह होतो. लंडनचे जे तेव्हाचे राजघराण्याचे जवाहिरे, त्याच गॅरार्ड पेढीनं १९१५ मध्ये तोफखान्यासाठी अंतरमापक यंत्रं करायला कारखाना काढला. युद्ध संपलं, यंत्रं करणारे हात रिकामे झाले, आणि ते ग्रामोफोनच्या चावीच्या मोटारींकडे वळले. मग कारखाना स्विंडनला गेला. ३०१ आलं १९५४ मध्ये, ४०१ आलं १९६५ मध्ये. तोपर्यंत कारखाना प्लेसी कंपनीकडे गेला होता, आणि १९७९ मध्ये नाव ब्राझीलच्या ग्रादिएन्ते कंपनीनं घेतलं. तोफेचं अंतर मोजणाऱ्यांच्या हाताची सफाई त्या बेअरिंगमध्ये आहे असं मला नेहमी वाटतं.

सुतारपक्षी | ६ मे, सकाळी ९:००

लेस्टरवासींशी सहमत, पण माझा मुद्दा तोच. दगडाला एवढा मोठा खड्डा पाडला की शेजारी टोनआर्मच्या भोकापर्यंत अरुंद पट्टी उरते. लाकडात ती टिकेल, दगडात तिथंच तडकेल.

नारायणपेठी | २२ जून, रात्री १०:१५

सुतारपक्षी, तुमचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. मी हट्टानं कडप्पा कापायला दिला. कापणाऱ्यांनी पाणी सोडत फार सांभाळून काम केलं, त्यांचा काहीच दोष नाही. मोठा खड्डा नीट झाला. आर्मचं भोक पाडून ब्लेड बाहेर काढताना त्या चार बोटांच्या पट्टीतून एक बारीक रेघ गेली, आणि उचलताना दगड दोन तुकडे होऊन हातात आला. माझ्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर पडला. तोंडाला मास्क आणि पायात बूट, हे ज्यांना करायचंय त्यांनी विसरू नये.

आता दोन्हींचा मेळ घातलाय. वर प्लायचे चार थर, ७२ मिमी, सुमारे ५० बाय ४२ सेंटीमीटर. खाली अखंड कडप्पा, ३० मिमी जाड, एकही भोक न पाडता. दोघांमध्ये रबर-कॉर्कचा पातळ थर, इंजिनच्या गॅस्केटला वापरतात तो. कडप्पा नुसता ठोकला तर टणटण वाजायचा, कॉर्कवर प्लाय ठेवला की दगड मुका होतो. दगडच सतरा किलोच्या आसपास आहे, यंत्र आणि प्लाय धरून तीस किलोंच्या पुढे गेलं. म्हणून टेबल सोडून भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर ठेवणार. आमच्या जुन्या वाड्याची लाकडी जमीन आहे, कुणी चाललं की मामांच्या उंबऱ्याची आठवण येते.

थर चिकटवायला बारा दिवस लागले. पहिले दोन थर चिकटवून शिकंजे सोडले तेव्हा कडेला केसभर फट दिसली. सगळं परत उघडणं शक्य नव्हतं, म्हणून ते दोन टाकून नव्यानं केले. आता टिचकी मारली तर नुसतं ठक् होतं. हे ठक् ऐकायला मी दिवसातून दोनदा त्या खोलीत जातो.

प्रश्न पॉलिशचा. बाजूंना सागाचं व्हिनियर लावलंय. मामांच्या जुन्या खोक्याला पॉलिश होतं, पॉलियुरेथेन नव्हतं. तेच करायचं मनात आहे.

मिरजेचा_तंबोरा | २३ जून, सकाळी ८:३०

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे आणि सतारी. पॉलिश म्हणाल तर चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे. लिटरभर स्पिरिटला दीड-दोनशे ग्रॅम चपडा, रात्रभर भिजू द्यायचा, फडक्यातून गाळायचा, मग कापसाची पोटली करून हलक्या हातानं. एक हात, वाळवण, बारीक पेपर, परत एक हात. आठ-दहा हात झाल्याशिवाय थांबू नका.

पण आत्ता करू नका! आषाढ-श्रावणाच्या ओल्या हवेत चपड्यात ओल अडकते आणि पॉलिश दुधासारखं पांढुरकं पडतं. आम्ही पावसाळ्यात पॉलिशची कामं घेतच नाही. दसऱ्यानंतर बघा, हवा कोरडी झाली की आरशासारखं येतं. तोपर्यंत नुसतं एक पातळ हात मारून लाकूड बंद करून ठेवा.

एक गोष्ट सांगतो, तुम्हाला आवडेल. तुमच्या ७८ च्या रेकॉर्डीही ह्याच चपड्याच्या. लाख आणि दगडाची पूड. म्हणून ७८ कधी स्पिरिटनं पुसू नका, खाच विरघळते. पॉलिशच्या दिवशी स्पिरिटची बाटली आणि रेकॉर्डीची पेटी एका खोलीत असू नये, एवढं पथ्य पाळा. एलपी व्हिनाइलच्या, त्यांचं वेगळं.

अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेचे झाले, त्यांच्या ७८ आमच्या दुकानात अजून आहेत. तुमचं यंत्र तयार झालं की ऐकायला येईन म्हणतो.

उद्यमनगरी | २३ जून, सकाळी ८:५५

मिरजकर, जाताना मला पण घ्या गाडीत.

नारायणपेठी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

झालं. पावसाळाभर यंत्र चादरीत गुंडाळून ठेवलं, दसऱ्यानंतर पॉलिश सुरू केलं, नऊ हात दिले. मिरजेहून चपडा आला, सोबत पोटली कशी धरायची हे फोनवर अर्धा तास शिकवलं. त्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

आज पाडव्यानंतरचा पहिला मोकळा दिवस. तीच चाचणी परत केली. आयडलर काढला, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई, मोटार चालू. आवाज नेहमीपेक्षा वाढवला, मग आणखी वाढवला. स्पीकरच्या जाळीला कान लावला तेव्हा कुठे ॲम्प्लिफायरची स्वतःची सळसळ. मोटार ऐकू येत नाही. जोत्यावर बोटाची गाठ आपटली तर सुईतून एक मंद ठुप्प, लगेच विझणारा.

मग आयडलर बसवला. एसएमईचं हेडशेल (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणारा तुकडा) सुटं होतं हे बरं झालं, एका हेडशेलवर एलपीचं कार्ट्रिज, दुसऱ्यावर ७८ चं. हिराबाईंची तीच रेकॉर्ड लावली. खरखर आहे, ती रेकॉर्डीची, ऐंशी-नव्वद वर्षांची. पण खरखरीच्या मागं जी काळोखी शांतता आहे ती आधी नव्हती. तंबोऱ्याची जव्हारी मला त्या रेकॉर्डीत पहिल्यांदा ऐकू आली, तीही शेवटच्या आलापीत, बाई श्वास घेतात तिथं. तीन मिनिटांची बाजू संपली तरी सुई आतल्या खाचेत फिरत होती आणि मी उठलो नाही.

मामी बाहेरच्या खोलीत होत्या. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "दुसरी बाजू लाव."

काळी_पाच | १० नोव्हेंबर, सकाळी ६:४०

वाचून डोळे भरून आले. वेग तपासलात ना?

नारायणपेठी | १० नोव्हेंबर, सकाळी ७:२५

तपासला, तुमच्या देवघराच्या दिव्यानं. ४०१ च्या प्लॅटरच्या कडेलाही रेघा आहेत, पण आतला निऑन गेलेला होता, तो बदलला. थंड यंत्र जरा मंद चालतं, पंधरा मिनिटं फिरू दिल्यावर स्थिरावतं. म्हणून आधी फिरू द्यायचं, मग वेगाची चकरी जुळवायची, मग गाणं.

अनघा_डोंबिवली | १० नोव्हेंबर, दुपारी १:१०

माझ्याकडूनही एक बातमी. रेडिओग्राम विकला नाही. सुई बदलली, आयडलरला नवं रबर चढवून घेतलं, तुम्ही सांगितलेल्या छापखान्याच्या रुळांच्या कारागिरांसारखेच एक इथे सापडले. आजी रोज संध्याकाळी स्वतः रेकॉर्ड लावते. चेंजरवर एकावर एक मात्र लावू देत नाही, म्हणते रेकॉर्ड रेकॉर्डीवर आपटतात.

एकच अडचण आहे. बंद करताना आजी भिंतीवरचं बटण बंद करते, यंत्राचा खटका नाही. काय करू?

नारायणपेठी | १० नोव्हेंबर, दुपारी १:४०

ताई, भिंतीवरच्या बटणाला चिकटपट्टी लावून टाका आणि यंत्राच्या खटक्यावर लाल टिकली. नाहीतर दोन महिन्यांत नव्या रबराला खळगा पडेल. आणि आजी म्हणतात ते एकावर एकचं अगदी बरोबर आहे.

@उद्यमनगरी, येत्या रविवारी सकाळी मी जुन्या बाजारात असेन, ४०१ चा कापायचा पुठ्ठ्याचा साचा सोबत आणतो. तुमच्या मित्राला हवा होता ना?

उद्यमनगरी | १० नोव्हेंबर, दुपारी २:०५

येतोय. साच्याच्या बदल्यात तळाच्या गोळ्या आणतो, चार आहेत माझ्याकडं.